सहा वर्षं उभी असलेली डिझेल पिकअप: सेल्फ मारायच्या आधी काय बघू?

पाटा_तुटका
मामांची जुनी डिझेल पिकअप सहा वर्षं पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. मामा म्हणतात, ने, नाहीतर भंगारवाला नेईल. उभी केली तेव्हा चालू होती म्हणे. टायरची नक्षी मस्त शिल्लक आहे. हौद्यात जुनी लाकडं आहेत आणि बोनेटखाली मांजर व्यायलंय.
रविवारी बॅटरी घेऊन जातोय. थेट सेल्फ मारू की आधी काही बघायचं असतं? खर्च फक्त बॅटरी, ऑइल आणि फिल्टर. त्यावर दमडी नाही. पान्यांचा संच आहे, थोडंफार कळतं.

चक्रधर
काही होत नाही हो. माझी आठ वर्षं उभी होती. बॅटरी लावली, पहिल्या सेल्फला भुर्रर्र. जुनी इंजिनं म्हणजे लोखंड होतं. घाबरवणारे आता येतीलच.

बारातेराचा_पाना
आलोच.
थेट सेल्फ मारू नका. मी मारला होता. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं घर केलं होतं. सुतळी, कापूस, सीटचा स्पंज, सगळं इंजिननं आत ओढलं. हेड उतरवावं लागलं. तेव्हा आधी फिल्टरचा डबा उघडा, वायरिंग कुरतडलंय का बघा.
मग गाडी न्यूट्रलला टाकून क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं हातानं दोन पूर्ण फेरे द्या. कॉम्प्रेशनला जड लागेल, पण सुटेल. दगडासारखं अडलं तर जोर करू नका. टायमिंग बेल्ट असेल तर तो शेवटचा कधी बदलला ते मामांना विचारा. चेन किंवा गिअर असेल तर विषय सोडा.

निवांत_प्रवासी
बजेट थोडं वाढवून नवीनच का घेत नाही? मी गेल्या वर्षी घेतली. एसी, पॉवर स्टेअरिंग, मागे बघायला कॅमेरा. हौद्याला रबरी चटईपण मिळाली.

पाटा_तुटका
दादा, बजेट बॅटरी आणि ऑइल असं लिहिलंय.

निवांत_प्रवासी
हप्त्यावर मिळते हो.

ग्रीसचे_हात
सगळे इंजिनाच्या मागे लागलेत. ब्रेकचं कोणी बोलेल का?
ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. इतकी वर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून बसतात, हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटतात. पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर तसंच धरा. हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरची रबरं गेली समजा. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओले डाग आहेत का तेही बघा. खाली शिराल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर नको, स्टँड लावा.
माझ्या गाडीचं पेडल दोनदा टणक लागलं म्हणून मी खुशाल निघाले. तिसऱ्यांदा थेट फळीला टेकलं. समोर उकिरडा होता म्हणून थांबले. चप्पल अजून तिथेच आहे.

भुंगा_भणभण
मांजराची पिल्लं किती आहेत? डोळे उघडलेत का? फोटो टाका.

बारातेराचा_पाना
ब्रेकबद्दल ताईंशी सहमत. टाकीतलं जुनं डिझेल विसरू नका, त्यातही कीड लागते.

चक्रधर
डिझेल म्हणजे काय लाकूड आहे का कीड लागायला? काहीही.

बारातेराचा_पाना
चक्रधरराव, टाकीत ओल धरते, पाणी तळाशी बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढते. काळा शेवाळासारखा गाळ होतो, फिल्टर चोंदतो. तळाचा नट सोडून पहिलं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या, तासभर ठेवा. पाणी खाली दिसेल.
मी असल्या गाडीला टाकी लावतच नाही. ताज्या डिझेलचा कॅन ठेवायचा, पंपाकडे जाणारा आणि परत येणारा, दोन्ही पाइप त्यात. मग हातपंपानं एअर काढायची.

जुनंच_बरं
कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, आधी इंजिन हातानं फिरवून बघा.

ग्रीसचे_हात
😀
अजून एक. डिझेलचा पंप जुना, मेकॅनिकल असेल तर स्टॉपची तार (इंजिन बंद करायची, डिझेल तोडणारी) ओढून धरा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, म्हणजे इंजिन सुरू न होता आधी ऑइल फिरेल. मध्ये सेल्फला दम खाऊ द्या. ऑइलचा दिवा विझला की तार सोडा. ऑइल आधीच बदला. आणि टायरची नक्षी बघू नका, कडेवरचे शेवटचे चार आकडे बघा. 2314 असेल तर 2014 सालचा तेविसावा आठवडा.

जुनंच_बरं
ऑइल आधी कशाला? जुन्यावर सुरू करा, गरम झालं की घाण घेऊन निघतं.

ग्रीसचे_हात
सहा वर्षांच्या गाळावर? तुमच्या गाडीत करा.

*(रविवार, रात्री)*

पाटा_तुटका
सगळ्यांचे आभार. पिल्लं तीन, डोळे उघडलेत, खोक्यात हलवली.
इंजिन हातानं फिरलं. बाटलीत दोन बोटं पाणी आणि त्यावर साय आल्यासारखं काळं काहीतरी. पेडल धरलं तर मिनिटही लागलं नाही, गेलं खाली. टायर 4511.
बॅटरीचे पैसे ब्रेकला घालायचं ठरवलंय. मास्टर सिलिंडर आणि मागचे दोन व्हील सिलिंडर. बॅटरी शेजारच्या ट्रॅक्टरची तासभर मागून आणली. ऑइल बदललं, कॅन लावला, तार धरली, तिसऱ्या खेपेला धूर ओकत सुरू झाली. पाच मिनिटं चालवून बंद केली, जागची हलवली नाही.

चक्रधर
बघा. मी पहिल्याच प्रतिसादात म्हटलं होतं.

ग्रीसचे_हात
टायर कधी बदलताय?

पाटा_तुटका
नाही बदलत. ब्रेक झाले की शेड ते विहीर एवढंच चालवणार.

ग्रीसचे_हात
विहिरीकडे उतार आहे का?

पाटा_तुटका
आहे.