वल्हालाची अल्टिमेट आवृत्ती ‘डोळे झाकून’ घ्यायची? मुळीच नको!

तांबडा_कावळा:
परवा इथेच एका व्हायकिंग गेमबद्दल एकाने लिहिलं, “असॅसिन्स क्रीड वल्हाला घेणार असाल तर डोळे झाकून अल्टिमेट घ्या, बाकीच्या आवृत्त्या अर्धवट आहेत.” नवीन माणूस हे वाचून पैसे घालवून बसेल, म्हणून सविस्तर लिहितो.

नोव्हेंबर 2020 मध्ये गेम आला तेव्हाचे भाव बघा. साधी 60 डॉलर, गोल्ड 100, अल्टिमेट 120. गोल्डचे वरचे 40 सीझन पासचे, म्हणजे नंतर येणाऱ्या जादा मोहिमांचे. त्यात आयर्लंडचं रॅथ ऑफ द ड्रुइड्स, सीज ऑफ पॅरिस आणि बेओवुल्फची एक मोहीम येते. अल्टिमेटचे त्याहून वरचे 20 कशाचे? बर्सर्करचा (बेभान लढणाऱ्या व्हायकिंग योद्ध्याचा) पोशाख आणि शस्त्रं, लाँगशिपची (आपल्या व्हायकिंग जहाजाची) सजावट, वस्तीची सजावट आणि थोडे रून (शस्त्र-चिलखताचा जोर वाढवणारी चिन्हं). गोष्ट एका मिनिटाचीही वाढत नाही.

शिवाय खेळाचं नुकसान होतं ते वेगळंच. या गेममध्ये चिलखताचा एकेक तुकडा पेटीतून शोधायचा असतो. दोन तुकडे झाले की संचाचा पहिला फायदा, पाचही झाले की दुसरा. अख्खा संच आयता मिळाला की नॉर्वेतल्या त्या पेट्या उघडाव्यात कशाला?

आणि अर्धवट म्हणाल तर अल्टिमेटच अर्धवट आहे. मार्च 2022 मध्ये डॉन ऑफ रॅग्नारॉक (गेमचा जादा विस्तार) आलं, त्याचे 40 डॉलर निराळे. सीझन पासवाल्यांना ते मिळालं नाही, 200 डॉलरची कलेक्टर्स आवृत्ती घेणाऱ्यांनासुद्धा नाही.

गोदीवाला:
पेट्यांचा मुद्दा पटला नाही. आयता संच मिळाला तरी तो सुधारायला चामडं आणि लोखंड लागतंच, पुढे टायटॅनियम. दर्जा वाढवायला कार्बनच्या विटा, मग निकेल, मग टंगस्टन. त्या पेट्यांतच असतात. सुरुवातीच्या प्रदेशांत कार्बनच मिळतो, टंगस्टन हवं तर वरच्या ताकदीच्या प्रदेशात जावं लागतं. बर्सर्कर घातला म्हणून काही पेट्या चुकत नाहीत.

लाँगशिपच्या सजावटीलाही कमी लेखू नका. सगळ्या नद्या त्याच जहाजातून पालथ्या घालायच्या असतात, ते डोळ्यांसमोर नीट दिसायला नको का? फक्त एक अडचण. सजावट विकत घेतली तरी आधी रेवन्सथॉर्पमध्ये, म्हणजे आपल्या वस्तीत, गोदी बांधावी लागते, आणि त्यासाठी मठांवर धाडी घालून सामान आणावं लागतं. मोठ्या पेट्या एकट्याने उघडत नाहीत, साथीदाराला हाक मारावी लागते. “पैसे भरले तरी सजावट दिसत नाही” अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी गोदी बांधली का ते बघावं.

तांबडा_कावळा:
विटांचं बरोबर आहे, मान्य. पण गेममधलं सर्वांत चांगलं सामान विकतचं नाहीच ना! थोर देवाच्या चिलखताच्या संचासाठी लेरियन या पात्राच्या तिन्ही मुलींना हरवायचं, त्यांचे खंजीर गोळा करायचे, हेल्मेटसाठी ऑर्डर या शत्रुगटाची पदकं आपल्या वस्तीतल्या हायथमला नेऊन द्यायची. तो संच पुरा झाला की मग नॉर्वेत जाऊन मिओल्निर, म्हणजे थोरचा हातोडा. एक्सकॅलिबर तलवारीला ब्रिटनच्या खजिन्याच्या 11 पाट्या लागतात. हे सगळं साध्या आवृत्तीत आहे. दिसण्याचाच सोस असेल तर मार्च 2021 पासून लोहार गुन्नार 50 चांदीत एका चिलखताला दुसऱ्याचं रूप देतो.

डिस्क_नंबर:
इथले निम्मे लोक प्लेस्टेशनवाले आहेत आणि मुख्य गोष्ट कुणी बोलतच नाही. स्वस्त मिळाली म्हणून अमेरिकेतून आलेली गोल्डची डबी घेतलीत, तर आतला सीझन पासचा कोड भारतीय अकाउंटवर चालणार नाही. उलटही तेच. डिस्क अमेरिकन आणि विस्तार भारतीय स्टोअरमधून घेतला, तर पैसे कापले जातात आणि गेम विस्तार ओळखतच नाही. डबीच्या पुढच्या बाजूला खाली वयाचा शिक्का बघा. ईएसआरबी असेल तर अमेरिकन, पेगी असेल तर युरोपीय. आणि पीएस४ची डिस्क घेऊन पीएस५ची फुकट आवृत्ती हवी असेल तर डिस्क ड्राइव्हवालाच पीएस५ लागतो.

मर्सियाचा_मुनीम:
तुम्ही वीस डॉलरवरून भांडताय, पण ज्याला व्हायकिंग गेम म्हणून विकलं तो व्हायकिंग आहे का? नवव्या शतकातल्या इंग्लंडात जागोजागी दगडी किल्ले दाखवलेत! किल्ले आणले नॉर्मनांनी, 1066 नंतर. तेव्हाच्या राजा आल्फ्रेडच्या काळात मातीचे बांध आणि लाकडी तटबंदी होती. दगडाचं म्हणाल तर चर्चेस आणि रोमनांचे अवशेष, जशी लेस्टरची ज्युरी वॉल आजही उभी आहे.

गोदीवाला:
मुनीम, विषय आवृत्त्यांचा आहे.

मर्सियाचा_मुनीम:
विषय विकलेल्या मालाचाच आहे. मठावर धाड घाला, तिथे साध्या माणसाला मारलंत तर गेम दटावतो की आयव्हॉरने (आपण खेळतो त्या पात्राने) असं केलं नव्हतं, आणि तरी चालू ठेवलंत तर सरळ डिसिंक्रोनाइज करतो, म्हणजे डाव तोडून मागे नेतो. धाडीत माणसं पकडून गुलाम म्हणून विकणं हा व्हायकिंगांचा मोठा धंदा होता, डब्लिनला त्याचा बाजार भरायचा. आयर्लंडच्या विस्तारात तुम्ही त्याच डब्लिनचा व्यापार वाढवता, पण तो बाजार कुठे आहे? इव्हार या व्हायकिंग सरदाराचंही तसंच. आयरिश बखरीत ईमारचा, म्हणजे इव्हारचाच, मृत्यू 873 चा नोंदलाय, इथे त्याला श्रॉपशरमध्ये द्वंद्वात मारायला लावतात.

रात्रपाळी:
आता हे अति झालं. ईमार आणि इव्हार एकच होते की नाही यावर अभ्यासकांचंच एकमत नाही, तुम्ही मात्र निकाल देऊन मोकळे! आणि गेमने जे नीट केलंय तेही सांगा की. ज्या व्हायकिंग सैन्याभोवती ही गोष्ट फिरते ते 865 मध्ये इंग्लंडात खरोखरच उतरलं. 873-74 च्या हिवाळ्यात त्यांचा तळ रेप्टनला होता, तिथल्या चर्चजवळच्या ढिगाऱ्यात निदान 264 माणसांची हाडं सापडली. मध्य इंग्लंडातल्या मर्सिया राज्याचा राजा बर्ग्रेड पळाला आणि केओलवुल्फ गादीवर आला, हे गेममध्ये आहे. शाळेत हा भाग कुणी शिकवला होता?

मर्सियाचा_मुनीम:
ईमारवर मतभेद आहेत, तेवढं मागे घेतो. रेप्टनचं श्रेयही देतो. किल्ल्यांचं आणि गुलामांचं उत्तर कुणीच दिलं नाही, हेही लिहून ठेवा.

रात्रपाळी:
गुलामांच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तो भाग त्यांनी मुद्दाम गाळला. किल्ले खेळासाठी घेतले, कारण चढायला आणि लपायला उंच भिंती लागतात. मातीच्या बांधावर असॅसिन काय करणार? इतिहासच हवा असेल तर डिस्कव्हरी टूर आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये आली, लढाई नाही, चार माणसांच्या नजरेतून तो काळ बघायचा, त्यातला एक खुद्द आल्फ्रेड. गेम असलेल्यांना ती फुकट आहे, कुठलीही आवृत्ती असो. तुम्ही खेळलात का ती? खेळला असतात तर एवढं तावातावाने लिहिलं नसतं.

मर्सियाचा_मुनीम:
खेळलो की नाही यावर माझा मुद्दा अवलंबून नाही. मूळ गेम विकत घेणाऱ्यांपैकी किती जण टूर उघडतात?

डिस्क_नंबर:
भांडण थांबवा, एका नवीन सभासदाने मघाशी विचारलंय की घ्यायचं काय, आणि कोणत्या क्रमाने खेळायचं.

तांबडा_कावळा:
त्यांच्यासाठी. मुख्य गोष्टच साठेक तासांची आहे, म्हणून आधी साधी आवृत्ती सेलमध्ये घ्या. ग्रँटब्रिज किंवा लेस्टर या भागाचं कथानक पुरं केलंत की आयर्लंडला जाता येतं, आपल्या पात्राची ताकद (पॉवर) 55 च्या आसपास पुरते. पॅरिसला 200 लागते, घाई केलीत तर पहिल्याच टोळीत मार खाल. रॅग्नारॉकला 340 सांगितली आहे, कमी असाल तर गेम तात्पुरती वाढवून देतो, पण मग हत्यारांची सवय नसते आणि तिथल्या मुस्पेलच्या (आगीच्या जगातल्या) सैनिकांसमोर अंदाज चुकतात. ते शेवटीच खेळा. इंग्लंड आवडलं तर मग सीझन पास.

गोदीवाला:
आणि सेलमध्ये कंप्लीट आवृत्ती गोल्डच्या जवळपास भावाला दिसली तर तीच उचला, तिच्यात रॅग्नारॉकही येतं. मग बर्सर्करचं जहाज आपोआप मिळतं, त्याला तांबडा_कावळा यांचीही हरकत नसावी.

तांबडा_कावळा:
त्या भावात हरकत नाही. 20 डॉलर वेगळे मोजून अजूनही नाही.