प्रतिसाद: उडी आली म्हणून समीकरण मोडत नाही

वर प्रश्न आलाय की घनता जागेनुसार आणि वेळेनुसार कशी बदलते हे सांगणाऱ्या प्रवाहाच्या समीकरणात लाट उभी होत जाऊन तिथे उडी पडली, म्हणजे घनता एका जागी एकदम बदलली, की अवकलजच (बदलाचा दर) उरत नाही, मग समीकरणाला अर्थ काय? अर्थ उरतो भाऊ! मूळ नियम अवकलजाचा नाहीच, हिशोबाचा आहे: एखाद्या पट्ट्यात किती आलं, किती गेलं. तो उडीवरही लागू पडतो आणि त्यातूनच उडीचा वेग निघतो, उडीच्या दोन बाजूंच्या प्रवाहातला (तासाला किती जातं) फरक भागिले घनतेतला (किलोमीटरला किती आहे) फरक. रँकिन-ह्युगोनिओची अट ती हीच.

लाइटहिल आणि व्हिटम या गणितज्ञांनी १९५५ मध्ये हे रहदारीला लावलं. नागपूरच्या वर्धा रोडवरचा अजनी चौक घ्या. समजा एका लेनमध्ये किलोमीटरला ३० गाड्या ताशी ४८ किमीने येताहेत, म्हणजे तासाला १४४०. लाल दिव्यापाशी खच्चून रांग, किलोमीटरला १५०, प्रवाह शून्य. उडीचा वेग वजा १४४० भागिले १२०, म्हणजे उलट्या दिशेने ताशी १२ किमी. मिनिटभरात रांगेचं शेपूट २०० मीटर मागे जातं, एकही गाडी मागे न जाता.

खरी गंमत हिरव्या दिव्यात आहे. पुढे रस्ता मोकळा, मागे रांग. दोन्हीकडे प्रवाह शून्य, म्हणून उडीचा वेगही शून्य. म्हणजे हिरवा होऊनही रांग जागची हलत नाही, हेही हिशोबात चोख बसणारं उत्तर! ते बाद करायला वेगळी अट लागते: अभिलक्षण रेषा (ज्यांच्यावरून घनतेची किंमत वेळेबरोबर सरकत जाते त्या) उडीत शिरल्या पाहिजेत, तिच्यातून बाहेर फुटता कामा नयेत. इथे त्या फुटतात, म्हणून उडी टिकत नाही आणि घनता पसरत जाते. ही एन्ट्रॉपी अट सोडून चर्चा केली तर उत्तरं एकापेक्षा जास्त निघणारच.