नवीन पंचांचं स्वागत कसं करायचं? हार-शाल देऊन झालं, पुढे काय

गोदाकाठचा_सचिव
प्रभूमध्ये सलाम सगळ्यांना. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, नगर जिल्ह्यातली, खेड्यातली, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), साठ-सत्तर घरं. मागच्या महिन्यात मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीची निवड झाली, सात जणांत चार एकदम नवीन आहेत, त्यात दोन ताया. येत्या रविवारी उपासनेत त्यांना पुढे बोलवायचंय आणि कार्यक्रम मलाच बसवायचाय. मागच्या वेळी हार घातले, शाल-नारळ दिला, फोटो झाले, चहा-पोहे झाले आणि सोमवारपासून त्या पोरांना कोणी विचारलंच नाही. एक जण तर इतका हौशी होता, पण कपाटाची चावी एकाकडे, रजिस्टर दुसऱ्याकडे, मीटिंगला तोंड उघडलं की "तू आत्ता आलास, बघ आधी". दिवाळीनंतर यायचाच बंद झाला. आता रविवारी शेवटच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद व्हायच्या आत निघून जातो. मला फार लागतं ते, कारण त्याचं नाव मीच सुचवलं होतं. ह्यावेळी काय वेगळं करू, तुमच्याकडे काय करतात ते सांगा.

जुना_खजिनदार
भाऊ, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 काढून परत वाचा, तिथेही सातच जण आहेत. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती, आणि निवडलेल्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्याच माणसांच्या हातात वाटप दिलं. आणि निवड केली लोकांनी, प्रेषितांनी प्रार्थना करून हात ठेवले. काम काय करायचं ते आधीच ठरलेलं होतं, त्याच्यासाठी माणसं निवडली. आपण उलटं करतो, माणूस निवडतो आणि काम शोधत बसतो.

मी 22 वर्षं दानार्पणाचा हिशोब ठेवला. माझ्या पहिल्याच रविवारी त्यावेळच्या खजिनदारांनी मला उपासनेनंतर बाजूच्या खोलीत नेलं, टेबलावर कापड टाकलं, थैली उपडी केली आणि म्हणाले मोज. नाणी आधी बाजूला, मग नोटा, पाकीट फोडलं की त्यावरचं नाव आणि रक्कम आधी रजिस्टरला आणि मगच पैसे ढिगात. एकट्याने कधीच मोजायचं नाही, दोघांच्या सह्या, सोमवारी बँक. उपकारस्तुतीच्या सणाला ज्वारी, कोंबड्या, भोपळे येतात त्याचा लिलाव कोण पुकारतो आणि उधारी कशी लिहायची हे पण त्यांनी शेजारी बसवून शिकवलं. शालीचं मला आता आठवतसुद्धा नाही, ते कापड आठवतं. तेव्हा प्रत्येक नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून द्या, सहा महिने तरी, आणि ते रविवारी सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगा.

वसईची_लेक
आम्ही कॅथलिक, त्यामुळे पद्धत वेगळी, पॅरिश (एका चर्चचा धर्मग्राम) कौन्सिल असतं आणि पैशापाण्याची वेगळी समिती, ती तर 1983च्या चर्चच्या कायद्यानुसार प्रत्येक पॅरिशला असायलाच पाहिजे. पण मला सांगायचंय ते दुसरंच. आमच्याकडे मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, फादर नवीन लोकांना वेदीपुढे बोलवून वचन घेतात, आणि मग आमच्याकडे वळून विचारतात की तुम्ही ह्यांना साथ द्याल का, आणि आम्ही सगळे उभं राहून "देऊ" म्हणतो. त्या एका शब्दाने आम्ही पण बांधले जातो. तुमच्याकडे मंडळीला असं काही विचारतात का? नसेल तर तुमच्या पाळकसाहेबांशी (धर्मगुरूंशी) बोलून बघा.

आणि त्या दोन तायांबद्दल. कृपा करून त्यांना चहापाणी आणि फुलं असलं काम देऊ नका. पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदं बायकांना रीतसर खुली केली, त्याआधी किती वर्षं आम्ही वाचन करतच होतो पण अधिकृत नाव नव्हतं. ते नाव मिळाल्यावर माझी आई रडली होती.

पुण्यातला_तरुण_संघ
मी अशीच एक कमिटी सोडून दिलेला माणूस आहे म्हणून लिहितोय. मला कोणी वाईट वागवलं नाही. फक्त मीटिंग उपासनेनंतर सुरू व्हायची ती तीन वाजेपर्यंत, जेवण नाही काही नाही, आणि सगळं आधीच फोनवर ठरलेलं असायचं, आम्ही नुसते मान डोलवायला. मुदत किती हे पण सांगितलं नव्हतं. आधी सांगा ना, एवढी वर्षं, महिन्याला एवढ्या मीटिंग, हे तुझं काम. आणि सचिवदादा, तुम्ही त्या मुलाशी बोललात का? तो अजून रविवारी येतोय म्हणजे त्याचं मन तिथेच आहे.

गोदाकाठचा_सचिव
सगळ्यांचे मनापासून आभार. पाळकसाहेबांना आत्ताच फोन केला, मंडळीला उभं करून विचारायचं त्यांना एकदम पटलं, प्रश्न ते स्वतः लिहून आणणारेत. जोड्या पण लावल्या. मोठ्या ताई हिशोबाला, त्यांच्याबरोबर आमचे आत्ताचे खजिनदार, धाकट्या ताई आजारी आणि म्हाताऱ्या लोकांच्या भेटींना, त्यांच्याबरोबर महिला मंडळातल्या एक मावशी ज्यांना गावातलं प्रत्येक दार माहितीये. शाली रद्द, त्या पैशात कपाटाच्या आणखी दोन चाव्या करून घेतो.

पुणेकर भाऊ, नाही बोललो अजून, खरंच नाही बोललो. आज दूध घालून झालं की त्याच्या घरी जातोय.