‘सेडमिक्रास्की’मधील दोघी खरोखर मुक्त आहेत का?

प्रश्न – चित्ररसिक: वेरा खितिलोवा यांचा १९६६ चा हा चेक चित्रपट नुकताच पाहिला. मारी नावाच्याच दोन तरुणी ‘जग बिघडले आहे, तर आपणही बिघडू’ असे ठरवून वयस्क पुरुषांच्या पैशाने यथेच्छ जेवतात आणि मग त्यांना आगगाडीत बसवून वाटेला लावतात. यात स्वातंत्र्य आहे की नुसताच उच्छाद?

उत्तर – संध्याछाया: मला यात उच्छादापेक्षा नकार अधिक दिसतो. मुलींनी गोड, आज्ञाधारक आणि उपयोगी असावे, या अपेक्षेला त्या हसत हसत कात्री लावतात, आणि तीही अक्षरशः, कारण खोलीत बसून त्या सॉसेज, काकड्या आणि अंडी कात्रीनेच कापतात. यारोस्लाव्ह कुचेरा यांच्या छायाचित्रणात रंग मध्येच बदलतात, त्यामुळे कथेचीही शिस्त मोडते.

उत्तर – मुक्तछंद: थोडा मतभेद नोंदवतो. सुरुवातीलाच त्या लाकडी बाहुल्यांप्रमाणे करकरत हालचाल करतात. तेव्हा त्यांचे बंडही कुणी चावी दिल्यासारखे तर नाही ना, ही शंका दिग्दर्शिकेनेच पेरली आहे. मेजवानीची नासधूस केल्यावर वर्तमानपत्रे अंगाभोवती गुंडाळून फुटक्या ताटल्या जुळवू पाहणाऱ्या त्या दोघी मला सर्वांत अस्वस्थ करतात.

उत्तर – संध्याछाया: शंका रास्त आहे. मात्र अन्नाच्या नासाडीवरून तत्कालीन सत्ताधाऱ्यांनी आक्षेप घेतला, आणि चित्रपटाची अखेरची अर्पणपत्रिका तर तुडवलेल्या कोशिंबिरीवरूनच संतापणाऱ्यांना उद्देशून आहे!