पंक्चर, टोकावडेच्या पुढे

ग्रुप: बी विंग (फक्त कामाचे मेसेज)
रविवार

८:४२ बी-५०२: कोणी जागं आहे का? आम्ही दोघं बाइकने माळशेजला निघालो होतो. टोकावडे सोडून थोडं पुढे आलो आणि मागचा टायर बसला. पाऊस धो धो.

८:४३ बी-१०३: अरेरे. काळजी घ्या 🙏

८:४३ बी-१०३: 🌹 शुभ रविवार 🌹

८:४५ बी-७०४ ताई: पंक्चर किट आहे का तुझ्याकडे? खिळा उपटायचा, टोच्याने भोक साफ करायचं, सोल्यूशन लावून पट्टी खुपसायची, हवा मारायची. चाकसुद्धा काढावं लागत नाही. मी पामबीचला एकटीने केलंय.

८:४६ बी-५०२: किट आहे! ऑनलाइन मागवलेलं, अजून पाकीटही फोडलं नाहीये. फोडतो.

८:४६ बी-२०१ काका: थांब. फोडू नकोस. स्पोकचं चाक ना तुझं?

८:४७ बी-५०२: हो काका. पण टायरवर ट्यूबलेस लिहिलंय.

८:४९ बी-२०१ काका: टायरवर काहीही लिहू दे. तुझ्या रिमला प्रत्येक स्पोकचं एकेक भोक आहे, हवा तिथून निघून जाते, म्हणून आत ट्यूब घातलेली असते. ते किट ट्यूबलेससाठी. टोच्या घातलास की ट्यूबला अजून एक भोक पाडशील, एवढंच.

८:५० बी-७०४ ताई: अगं बाई, हो की. माझी अलॉयवाली आहे. सॉरी रे.

८:५० बी-२०१ काका: किती अंतर चालवलीस बसल्यावर?

८:५१ बी-५०२: दोनेकशे मीटर. वळणावर होतो, थांबायला जागाच नव्हती. मागून बुड हलल्यासारखं झालं, मी लगेच ब्रेक दाबला मागचा.

८:५३ बी-२०१ काका: वाचलास. परत कधी झालं तर मागच्या ब्रेकला पाय लावायचा नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा, हँडल घट्ट धरून सरळ ठेवायचं, वेग उतरला की पुढचा ब्रेक हलकेच. आता बघ, हवेचा व्हॉल्व्ह सरळ आहे की तिरपा?

८:५५ बी-५०२: तिरपा. चांगलाच.

८:५६ बी-२०१ काका: मग ट्यूब आत सरकलीय, मुळाशी फाटली असणार. तिथे पॅच बसत नाही. आता ढकलायची झाली तरी पहिल्या गिअरमध्ये बाजूने चालत ने, वर बसू नको. टायरची भिंत आणि रिम दोन्ही जातील.

८:५८ सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे. कृपया खाजगी चर्चा वैयक्तिक करावी. टँकर आज ११ वाजता येईल.

८:५९ बी-७०४ ताई: सर, भर पावसात सुनबाई दगडावर बसलीये तिकडे.

९:०० सेक्रेटरी: ते ठीक आहे. मी फक्त नियम सांगितला.

९:२१ बी-५०२: एक छोटा हत्ती टेम्पो थांबला. दुधाचे कॅन सोडून परत चालला होता. चौघांनी मिळून वर चढवली, हा मुलगा हँडलला दोरी बांधतोय. टोकावडेला सोडतो म्हणाला.

९:२२ बी-२०१ काका: साइड स्टँडवर उभी करू नको हौद्यात. सरळ धर, पुढचं चाक कोपऱ्यात अडकव, दोन्ही बाजूंनी बांध.

९:५८ बी-५०२: पंक्चरवाला मिळाला. काका, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. व्हॉल्व्हच्या मुळाशी बोटभर फाटलीये. त्याच्याकडे माझ्या मापाची ट्यूब नाही. अठरा इंचीच आहे, पण साध्या कम्यूटर गाडीची, बारीक.

१०:०१ बी-२०१ काका: तात्पुरती चालेल. आतून ताणली जाते, म्हणून वेग चाळीसच्या आत आणि माळशेज विसर. मुरबाडला किंवा कल्याणला बरोबर मापाची मिळेल, तिथे बदल. आणि एक महत्त्वाचं. नवी ट्यूब घालायच्या आधी त्याला टायरच्या आतून हात फिरवायला सांग. नुसत्या बोटांनी नाही, फडकं घेऊन.

१०:०२ बी-५०२: तो म्हणतो खिळा काढला, दाखवला पण मला.

१०:०३ बी-२०१ काका: तरी सांग. ३१ वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढलीत मी. खिळा दाखवणारे खूप पाहिलेत.

१०:१४ बी-५०२: 📷 फोटो

१०:१४ बी-५०२: फडकं अडकलं! तारेचा तुकडा. तांदळाएवढा असेल. आतल्या बाजूला टोक नुसतं लागतंय हाताला. नवी ट्यूब दहा मिनिटांत गेली असती.

१०:१५ बी-७०४ ताई: काका 🙏🙏🙏

१०:१६ बी-१०३: आमच्या गाडीला नेहमी पावसाळ्यातच का होतं हो पंक्चर?

१०:२० बी-२०१ काका: ओलं रबर लवकर कापलं जातं. घरी एक रबर कोरडं काप, एक पाण्यात बुडवून काप, कळेल. शिवाय पाणी सगळा कचरा रस्त्याच्या कडेला आणून टाकतं आणि आपण दुचाकीवाले कडेनेच चालवतो.

११:०५ सेक्रेटरी: टँकर आलेला आहे.

५:३६ बी-५०२: पोचलो. मुरबाडला ट्यूब बदलली, वर एक एक्स्ट्रा घेतली, पाना आणि टायर उचकटायची टॉमी पण. हिने माळशेजच्या ऐवजी कल्याणला मिसळ खाऊन समाधान मानलंय. काका, उद्या चहाला या.

५:४० बी-२०१ काका: चहा होत राहील. आधी खाली जा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, ते वाचून सांग.

५:५२ बी-५०२: १७१८.

५:५३ बी-२०१ काका: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २०१८ चा सतरावा आठवडा. म्हणजे एप्रिलचा शेवट.

५:५४ बी-७०४ ताई: लग्न कधी झालं रे तुझं?

५:५४ बी-५०२: २०२० ला 🙈

५:५५ बी-२०१ काका: बायकोच्या आधीचा टायर आहे तो. बदल.

९:१० सेक्रेटरी: वॉचमनचा फोन आला होता. बेसमेंटमध्ये पाच-सहा जण टॉर्च घेऊन गाड्यांखाली वाकलेत म्हणून. कोण आहेत?

९:११ बी-१०३: आम्हीच सर.

९:१३ सेक्रेटरी: बरं. माझी स्कूटर खांबाशेजारी आहे, निळी. तिचे पण आकडे बघता का?