तीन पिढ्यांची सहल: मुंबई–गोवा क्रूझ, लक्षद्वीप की कोकण?

थोरली सून

नमस्कार. येत्या डिसेंबरात माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त हॉल घेऊन जेवणावळ घालण्याऐवजी सगळ्यांनी मिळून चार-पाच दिवस बाहेर जावे, असे घरात ठरले आहे. आम्ही चौदा जण आहोत: सासू-सासरे, आत्याबाई, आम्ही तीन जोडपी आणि पाच मुले. सासरे ७८ वर्षांचे असून त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, सासूबाईंना मधुमेह आहे आणि आत्याबाई कांदा-लसूण खात नाहीत. मुलांमध्ये सर्वांत मोठी पंधरा वर्षांची, तर सर्वांत धाकटा दीड वर्षाचा आहे.

सासऱ्यांचे बालपण विजयदुर्गाकडे गेले आणि त्या काळी ते बोटीनेच मुंबईला येत असत, त्यामुळे ‘एकदा पुन्हा बोटीने जाऊ’ ही इच्छा त्यांचीच आहे. मुलांना क्रूझ हवी आहे, धाकट्या दिरांना लक्षद्वीप पाहायचे आहे आणि जाऊबाईंच्या मते कोकणात एखादे घर घेऊन राहणेच सर्वांत सोपे. बोट लागण्याची भीती मला स्वतःला आहे. एवढ्या वेगवेगळ्या वयांच्या माणसांना घेऊन यांपैकी काय झेपेल, आणि आरक्षण करण्यापूर्वी काय पाहून घ्यावे?

दर्यावर्दी

ताई, ठिकाण ठरवण्याआधी एक गोष्ट ठरवा: दिवसातला किती वेळ चौदा जणांनी एकत्र घालवायचा आहे? मोठ्या कुटुंबांच्या सहली बिघडतात त्या बहुधा सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच जायचे, या हट्टामुळे. आजोबांची दुपारची झोप, बाळाची दुधाची वेळ आणि पंधरा वर्षांच्या मुलीचा उत्साह एकाच वेळापत्रकात बसत नाहीत. क्रूझची बाजू मी घेतो ती याच कारणासाठी. सकाळी न्याहारीला आणि रात्री जेवायला सगळे एका टेबलाशी यावेत, मधला वेळ ज्याचा त्याचा, आणि तरीही कोणी कोणापासून दोन-चार मजल्यांपेक्षा लांब नाही, अशी सोय जमिनीवर सहसा मिळत नाही. शिवाय घरातल्या बायकांना ‘संध्याकाळी काय करायचे’ हा प्रश्न पडत नाही. जेवणावळीला पर्याय शोधत आहात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाच्या फेऱ्या सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाल्या आणि बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून त्यात चढता येते. हे जहाज १९९० सालचे आहे आणि मुळात तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच बांधलेले होते. त्यामुळे अलीकडच्या अजस्र जहाजांच्या मानाने खोल्या लहान आहेत आणि बाल्कनीच्या खोल्या थोड्या आहेत. एका खोलीत चौघांपर्यंत माणसे बसतात, पण वरच्या बिछान्यावर शिडीने चढावे लागते. तुम्ही पाच खोल्या घ्या: आजी-आजोबा स्वतंत्र, आत्याबाईंबरोबर दोन मोठी मुले आणि प्रत्येक जोडप्याबरोबर एक लहान मूल. आजी-आजोबांची खोली लिफ्टच्या जवळ हवी आणि ज्या मजल्यावर रात्री उशिरापर्यंत गाणीबजावणी चालते, त्याच्या लगेच खालची नको. आरक्षणाच्या वेळी जहाजाचा नकाशा मागून हे तपासता येते, पण फारसे कोणी मागत नाही.

बोट लागण्याबद्दल: जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात, टोकाला आणि वर जास्त. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ अरबी समुद्र शांत असण्याचा आहे. याउलट मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वादळांचे महिने. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आले होते आणि तौक्ते मे २०२१ मध्ये, त्यामुळे दिवाळीच्या सुटीपेक्षा तुमचा डिसेंबर केव्हाही बरा. गोळी घ्यायची झाली तर ती मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते, नंतर तिचा उपयोग कमी होतो. प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखालील बाळाला देऊ नये, आणि ज्येष्ठांना तिने गुंगी येऊन तोल जाऊ शकतो. म्हणून आजोबांसाठी तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा. आजींची मधुमेहाची औषधे सामानाच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा जमा केल्यावर खोलीपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागतो.

मुलांबाबत दोन नियम आधीच माहीत असलेले बरे, कारण त्यांवरून ऐन वेळी रडारड होते. बहुतेक जहाजांवर डायपर घातलेल्या बाळाला तरणतलावात उतरू देत नाहीत, आणि मुलांच्या क्रीडाकक्षात साधारणपणे तीन वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय ठेवून घेत नाहीत. म्हणजे दीड वर्षाच्या बाळापाशी कोणीतरी कायम लागणार. त्याच्या पाळ्या घरीच ठरवून टाका, नाहीतर ते काम न बोलता आजींच्या गळ्यात पडते.

लक्षद्वीपबद्दल मात्र मी सावध राहीन. तिथल्या बेटांभोवती प्रवाळाचे कडे आणि आत उथळ सरोवर असते, त्यामुळे मोठे जहाज बाहेरच नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. जुन्या काळी कोकणच्या बंदरांत पडावातून उतरवत असत, तसाच हा प्रकार. तुमच्या सासऱ्यांना तो चांगला आठवत असेल, पण हलत्या दारातून हलत्या बोटीत पाय टाकणे शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला मानवणारे नाही. समुद्र खवळलेला असला तर उतरणेच रद्द होते. शिवाय बेटांवर जाण्यासाठी परवाना लागतो, तो चौदा जणांचा वेळेत हाती यायला हवा. दिरांनी लक्षद्वीप पुढे कधीतरी स्वतंत्रपणे करावे.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागते, म्हणजे शिडीवरून थेट जमिनीवर उतरता येते. तिथून मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा एका फेरीत होतात. कुलदैवत त्या बाजूला असेल तर पन्नासाव्या वाढदिवसाचे दर्शनही होईल. ज्यांना समुद्रकिनारा हवा त्यांनी दुसरी गाडी करावी. जहाज सुटण्याच्या वेळेच्या बरेच आधी परत या, कारण स्वतःच्या हिमतीवर फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

गुहागरकर

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण जाऊबाईंची बाजू कोणीतरी मांडायला हवी. सासऱ्यांना बोटीने जायचे आहे, तर कोकणातही ते शक्य आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा २०२० पासून सुरू आहे; गाडी बोटीत चढवायची आणि साधारण तासाभरात पलीकडे उतरायचे. पुढे किनाऱ्याने दक्षिणेकडे येताना आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत गणपतीपुळ्यापर्यंत येता येते. मुलांना हा प्रकार कोणत्याही क्रूझइतकाच आवडतो आणि प्रत्येक फेरी काही मिनिटांचीच असल्यामुळे बोट लागण्याचा प्रश्न येत नाही.

मात्र एका दमात सगळा किनारा करू नका. दिवेआगर किंवा गुहागर, कुठेही एकाच ठिकाणी तीन रात्री राहा आणि तळमजल्यावरच्या, पाश्चात्त्य पद्धतीचे स्वच्छतागृह असलेल्या खोल्या आहेत का, हे फोनवर खात्रीने विचारा. छायाचित्रांत अंगण आणि नारळीची बाग दिसते, पायऱ्या दिसत नाहीत. घरगुती मुक्कामात आत्याबाईंसाठी कांदा-लसूण न घालता वेगळे करून द्यायला बहुतेक ठिकाणी आनंदाने तयार असतात, फक्त आदल्या दिवशी सांगावे लागते.

हरिहरेश्वरला जाणार असाल, तर डोंगराला घालायची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. भरतीच्या वेळी लाटा खडकांवर अचानक चढतात आणि तिथे माणसे वाहून गेलेली आहेत. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला पूर्ण भरती सुमारे सहाला, म्हणजे पूर्ण ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. अंदाजासाठी हे पुरेसे आहे, तरी गावात विचारल्याशिवाय मुलांना घेऊन तिकडे वळू नये. जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडी हलत असताना पायरीवर उतरावे लागते. आजोबांनी किल्ला मुरुडच्या किनाऱ्यावरूनच पाहावा.

सिंगापूरस्थ

तुमच्या यादीत सिंगापूर नाही, तरी कोणीतरी सुचवेलच म्हणून लिहितो. इथल्या मरीना बे बंदरातून सुटणारी जहाजे कितीतरी मोठी असतात आणि भारतीय शाकाहारी जेवणही मिळते. पण चौदा विमान तिकिटे, चौदा पासपोर्ट आणि व्हिसा हा खर्चच क्रूझच्या भाड्याला मागे टाकेल. व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे पाहावे लागते, कारण जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन पुन्हा सिंगापुरात येते, म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश होतो. टूर कंपनीचे पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएसही (पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) लागतो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. पहिल्याच क्रूझसाठी इतका पसारा मांडू नये, असे माझे मत आहे.

थोरली सून

सर्वांचे मनापासून आभार. घरी सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. लक्षद्वीप यादीतून गेले आणि दिरांनी ते फारशी कुरकुर न करता मान्य केले. आता बहुमत गोव्याच्या क्रूझकडे आहे. दोन शंका उरल्या आहेत. एक, खर्च कसा वाटावा? तिन्ही भावांची मिळकत सारखी नाही आणि हा विषय घरात कोणी उघडपणे काढत नाही. दोन, थोरल्या मुलीचे दहावीचे वर्ष आहे, त्यामुळे तिचे आई-वडील कदाचित घरीच राहतील आणि मधली मुलगी आजी-आजोबांबरोबर येईल; त्यासाठी काही कागदपत्र लागते का?

हिशेबनीस

खर्चाचे आधी सांगतो. क्रूझचे भाडे एका खोलीत दोन माणसे धरून काढलेले असते आणि त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला ते बरेच कमी पडते. त्यामुळे एकूण रकमेला चौदाने भागले, तर मुलांचा खर्च फुगतो आणि ज्यांना मुले जास्त त्यांच्यावर अन्याय होतो. खोलीनिहाय बिल ज्याचे त्याने द्यावे; आजी-आजोबांची आणि आत्याबाईंची खोली तिन्ही भावांनी मिळून, आणि तीही समान न करता ज्याला जेवढे जमेल तेवढे एकाकडे गुपचूप पाठवून. आमच्या घरात ती रक्कम एकट्या थोरल्या बहिणीला माहीत असते आणि ती कोणाला सांगत नाही.

जाहिरातीतले भाडे पाहून मात्र हिशेब करू नका. बंदराचे शुल्क, सेवकांची बक्षिसी आणि जीएसटी पुष्कळदा वेगळे लागतात. शीतपेये, काही खेळ आणि गोव्यातल्या गाड्या यांचा खर्चही निराळा. जहाजावर खरेदी खोलीच्या कार्डावर होते, म्हणून मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येईल का, हे स्वागतकक्षात पहिल्याच दिवशी विचारा. नाताळ ते ३१ डिसेंबर या आठवड्यात भाडे चढते, पण पहिल्या पंधरवड्यात शाळा चालू असतात. तुमच्या बाबतीत शाळेच्या दोन-तीन दिवसांची रजा स्वस्त पडेल.

दर्यावर्दी

कागदपत्रांचे: देशांतर्गत सफरीलाही प्रत्येकाचे मूळ सरकारी ओळखपत्र लागते, बाळाचेसुद्धा. आई-वडिलांशिवाय येणाऱ्या मुलीसाठी दोघांच्या सहीचे संमतिपत्र, त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि तिचा जन्मदाखला बरोबर ठेवा. संमतिपत्राचा ठरावीक नमुना आहे का, हे कंपनीला ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या, कारण धक्क्यावरच्या खिडकीशी फोनवरचे बोलणे चालत नाही.

थोरल्या मुलीची पूर्वपरीक्षा जानेवारीत असेल, तर तिलाही विचारून पाहा. दोन-तीन रात्रींनी काही बिघडत नाही आणि समुद्रात मोबाइलला रेंज नसल्यामुळे अभ्यास कदाचित घरच्यापेक्षा जास्तच होईल. फोन विमान-मोडवर ठेवायला सगळ्यांना सांगा, नाहीतर जहाजावरच्या उपग्रह-नेटवर्कचे भरमसाट बिल येते. आणि निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी सुरक्षा-कवायत होते, ती टाळू नका. २०१२ च्या कोस्टा कॉनकॉर्डिया अपघातानंतर तिचा नियम आणखी कडक झालेला आहे. आजोबांना कवायतीच्या जागेपर्यंत जिना चढावा लागेल का, हे आरक्षणाच्या वेळीच सांगून ठेवलेत तर जवळची जागा मिळू शकते.