डोक्याला मार लागून सात महिने झाले, बाहेरून काहीच दिसत नाही. बाजारात काय सांगू?

हळदवाला_दिवाणजी (सांगली)

नमस्कार मंडळी. इथं वाचतोय बरीच वर्षं, लिहितोय पहिल्यांदाच. हे तीन दिवस तुकड्या-तुकड्यानं लिहिलंय. मोबाइलकडं दहा मिनिटं बघितलं की डोळ्यामागं कुणीतरी स्क्रू पिळल्यागत होतं. मागंपुढं झालं असेल तर सांभाळून घ्या.

मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. वय ४३. वडीलही दिवाणजीच होते, पाढ्यांबरोबर पावकी-निमकीसुद्धा त्यांनी घोटून घेतलेली. सप्टेंबरात रात्री मिरजेहून येताना कुत्रं आडवं आलं. गाडी चाळीसच्या वर नव्हती. हेल्मेट होतं, आरशाला अडकवलेलं. (शिव्या घालायच्या असतील तर रांगेत या, आई पहिली उभी आहे.)

मेंदूला पुढच्या बाजूला मुका मार आणि थोडा रक्तस्राव. ऑपरेशन नाही. नऊ दिवस दवाखान्यात. कार्डावर लिहिलंय ‘माइल्ड हेड इंज्युरी, जीसीएस १३’. टाका नाही, टक्कल नाही, प्लॅस्टर नाही. त्याच महिन्यात आमच्या गल्लीतल्या एकाचा पाय मोडला. त्याला लोक अजून उठून खुर्ची देतात.

हळदीचे सौदे सुरू झाले तसा मी कामावर आलो. सकाळी नऊला मी पहिल्यासारखाच असतो. अकरा वाजले की संपलो. सौद्याचा ओरडा, वर फडफडणारी ट्यूबलाइट, हमालांची हाळी, सगळं एकाच आवाजात कानात शिरतं, त्यातलं माणसाचं बोलणं वेगळं काढता येत नाही. साधा शब्द सापडत नाही. परवा ‘सुतळी’ आठवेना, हातानं दोरी वळून दाखवली, पोरं हसली. अंथरुणात डावीकडं वळलो की खोली गरकन फिरते. घरी कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी पोरीवर असा ओरडलो की ती वही घेऊन शेजारी गेली. ती नुसती बसलेली होती हो.

आणि वास गेलाय. गोदामात चारशे पोती हळद, वास शून्य. पंचवीस वर्षं तो वास शर्टाला होता. बायको म्हणते अजून आहे. मला नुसतं पिवळं दिसतं.

आता खरी गोष्ट. गेल्या महिन्यात वाळव्याकडच्या एका शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी, केली. १२ क्विंटल ४० किलो, दर १४,८५०. मशीनवर बरोबर आलं १,८४,१४०. उतरवताना मी लिहिलं १,४८,१४०. त्यावरून हमाली-तोलाई वजा करून पट्टी हातात दिली. म्हातारा तिथंच उभा राहिला, ओठ हलवत बोटांवर मोजलं आणि म्हणाला, “दिवाणजी, माझं छत्तीस हजार कुठं ठिवलं?”

आवाज मोठा नव्हता. पण तेवढ्यात दुकानातलं बोलणं थांबलं.

पट्टी लगेच दुरुस्त केली. शेठ काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून माझ्या पट्ट्या त्यांचा पुतण्या परत बघतो, तेही माझी पाठ वळल्यावर. आमच्या धंद्यात आकडा चुकला तर कुणी आजारी म्हणत नाही, नियत बघतात. ‘डोक्याला मार आहे’ असं सांगावं तर उद्यापासून येडा, माझ्या अक्षराला किंमत नाही. न सांगावं तर चोर. दोन्हीतलं कुठलं घेऊ? रात्री कधी कधी वाटतं, आपणच नाटक करतोय की काय. ज्यांना असं झालंय त्यांनी कसं निभावलं? फिटची गोळी चालू आहे, लेव्हेटिरासिटाम, सकाळ-संध्याकाळ.


सडेतोड

राग मानू नका, पण हे सगळं मनाचं आहे. आमच्या काकांना ट्रॉलीचा दांडा डोक्यात बसला होता, आठव्या दिवशी शेतात. हल्ली लोक आधी गूगल वाचतात आणि मग लक्षणं येतात. ब्राह्मी तेल, प्राणायाम आणि मोबाइल बंद. रिपोर्ट नॉर्मल असेल तर माणूस नॉर्मल.


गोदाकाठ (नाशिक)

सडेतोड, एकदा काकूंना विचारून बघा, काका आठव्या दिवसानंतर घरात कसे होते ते.

दिवाणजी, मी शाळेत गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं नळावर आपटलं. सहा महिने फळ्यावर लिहिताना ओळ खाली उतरायची आणि वर्गातल्या चाळीस जणांचं बोलणं एकदम अंगावर यायचं. स्टाफरूममध्ये ‘मॅडमना सुट्टी हवीये’ असं चालायचं. मी टिकली-पावडर लावून जायचे ना! एका बाईंनी तोंडावर म्हटलं, आजारी माणूस असा दिसतो होय.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते माझ्या वडिलांचं बोलणं. ते शेतकरी, सिन्नरकडचे. म्हणाले, उन्हाळ्यात विहिरीवर मोटर तासभर चालवायची आणि बंद करायची, पाझर येऊ द्यायचा. आटेपर्यंत ओढलीस तर मोटर जळते आणि दुसऱ्या दिवशी पाणीही मिळत नाही. मी पाणी संपलं की बंद करत होते. आता पाणी असतानाच बंद करते. म्हणजे अकराला संपता ना तुम्ही? मग साडेदहाला उठा. वीस मिनिटं अंधारात, डोळे मिटून, मोबाइल नाही, गाणी नाही. हे चार दिवस बरं वाटतंय म्हणून सोडलं की पाचव्या दिवशी आडवे व्हाल. मी तीनदा झाले.

आणि वाचताना अक्षरं सरकतात का? माझ्या डोळ्यांचा नंबर बदललेला नव्हता, पण जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळून एका जागी टिकायचे नाहीत. नेहमीच्या तपासणीत ते कुणी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी बोट नाकाजवळ आणून पाहिलं आणि व्यायाम दिले. रकान्यातले आकडे वरखाली होण्यात त्याचाही हात असू शकतो, विचारून घ्या.

येडा की चोर याचं उत्तर माझ्याकडं अर्धंच आहे. मी आजार सांगणं बंद केलं, काम सांगायला लागले. ‘माझं डोकं दुखतं’ म्हटलं की लोक चेहरा बघतात. ‘मार्कांची यादी मी वाचते, तुम्ही टिक करा’ म्हटलं की पेन उचलतात.


अनुची_आई (पनवेल)

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. माझे मिस्टर स्लॅबवरून पडले, दोन वर्षं झाली. माणूस तोच, कपडे तेच, आणि घरात कुणी वेगळंच राहायला आलंय असं मला वर्षभर वाटत होतं. कुणाला सांगणार? सासूबाई म्हणायच्या, वाचला हे काय कमी आहे.

तुमची ती फिटची गोळी माझ्या नवऱ्यालाही होती. चिडचिड इतकी की ताट भिरकावलं एकदा. मी ते मारामुळेच धरून चालले होते. नंतर डॉक्टरांना सांगितलं तेव्हा कळलं, या गोळीनं काहींची चिडचिड वाढते. त्यांनी हळूहळू बदलून दिली. आपल्या मनानं बंद मात्र करू नका, फिट येऊ शकते. पुढच्या वेळी बायकोला बरोबर न्या आणि तिला बोलू द्या. आमचे हे डॉक्टरांसमोर ‘बरं आहे, बरं आहे’ करायचे, मी मागून मान हलवत बसायचे.

आमच्याकडं आता पंचा आहे. त्यांना गोंगाट सोसेनासा झाला की ते बेडरूमच्या दाराला पंचा टांगतात. पंचा दिसला की कुणी हाक मारायची नाही, अनुसुद्धा नाही. भांडण व्हायच्या आधी टांगायचा, नंतर नाही, एवढाच नियम. पहिल्या महिन्यात पंचा दिवसभर तिथंच असायचा, ते सोडा.

आणि मुलीला सांगा, खरं ते. तिला वाटतंय तिनंच काहीतरी केलं.


ओटी_पुणे

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार-दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करते. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सगळं डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून घ्या.

आधी त्या ‘माइल्ड’चं. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, १९७४ सालची. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण. १३ ते १५ माइल्ड, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. दवाखान्यात आणलं त्या वेळी तुम्ही किती शुद्धीत होता, एवढंच ते सांगतं. सात महिन्यांनी पट्टी लिहिता येईल का, हे त्याला विचारून उपयोग नाही. सडेतोड यांच्या ‘रिपोर्ट नॉर्मल’बद्दल: सीटी स्कॅन मुख्यतः रक्तस्राव, सूज, मोडलेलं हाड दाखवतो. मेंदूला हिसका बसून आतले बारीक तंतू ताणले गेले असतील तर तो स्वच्छ येऊ शकतो.

वासाचं कारण अगदी यांत्रिक असतं. नाकाच्या वर चाळणीसारखं हाड आहे, त्याच्या भोकांतून वासाचे तंतू मेंदूकडे जातात. मेंदू हिसक्यानं सरकला की ते तुटतात किंवा दुखावतात. काहींचा वास थोडाफार परत येतो, हमी नाही. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी असे चार वास रोज दोनदा, प्रत्येकी काही सेकंद, लक्ष देऊन हुंगायचे. काही महिने करून बघा, तोटा नाही. पण त्याआधी आजच्या आज घरात गॅस गळतीचा अलार्म बसवा. सिलिंडरमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो, तो तुमच्यासाठी आता नाहीच. शिळं अन्नही दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्या.

कूस बदलल्यावर खोली फिरते त्याचं कारण बहुधा कानात आहे. डोक्याला मार लागला की आतल्या कानातले बारीक खडे जागचे हलतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा फिजिओ डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून ते जागेवर आणतात, बऱ्याचदा एक-दोन बैठकांत थांबतं. इतकी दमणूक असेल तर थायरॉइड आणि सकाळचं कॉर्टिसॉल (शरीरातलं एक संप्रेरक) तपासायचं का, हे विचारा. या दोन्हींवर ताबा ठेवणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी मारानंतर मंदावू शकते. झोप कशी आहे तेही सांगा.

‘नाटक करतोय की काय’ याचं उत्तर हवं असेल तर न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून घ्या. लक्ष, स्मरण, कामाचा वेग हे तीन-चार तास बसवून मोजतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेत होते, मोठ्या शहरांतही होते. दमलात तर दोन दिवसांत विभागून मागा. अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल कुणीतरी विचारेलच. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मेंदूची दुखापत असा वेगळा प्रकार नाही, तिच्यातून जे उरलं त्यावर मोजमाप होतं. तुमच्यासारख्यांना तिथं खूप खेटे घालावे लागतात, हे आधीच सांगते.


हळदवाला_दिवाणजी

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला अठरा दिवस लागले. बायकोनं वाचून दाखवलं, पनवेलच्या ताईंचं दोनदा.

अलार्म बसवला. आठवड्यात दोनदा वाजला, दोन्ही वेळा गळती नव्हती, आई लसणाची फोडणी देत होती. आई म्हणते, आता माझ्या स्वयंपाकावर भोंगा. कानातले खडे खरंच होते. मिरजेतल्या डॉक्टरांनी मान वळवली, आडवं केलं, उठवलं, मी त्यांच्या टेबलावर ओकलो, आणि त्या रात्री सात महिन्यांनी डावीकडं तोंड करून झोपलो. गोळीचं पुढच्या सोमवारी विचारायचंय, बायको बरोबर येणार आहे. चाचणीची तारीख जूनमधली मिळालीय. पोरीला सांगितलं. तिनं विचारलं, मग कुकर माळ्यावर ठेवायचा का.

शेठना आजार सांगितला नाही, नाशिकच्या मॅडम म्हणाल्या तसं काम सांगितलं. आता पट्टी लिहून झाली की मी ती शेतकऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवतो. वजन, दर, रक्कम, हमाली, तोलाई. तो ‘बरोबर’ म्हणतो, मगच माझी सही. पुतण्या समोर बसून बघतो, पाठीमागं नाही. सौद्याच्या वेळी मी मागच्या खोलीत, अकराच्या आत सगळ्या पट्ट्या. शेठ एवढंच म्हणाले, “दुपारचं कोण करणार?” त्याचं उत्तर अजून नाही. दुपारचे पैसे कापले तर घर कसं चालेल तेही माहीत नाही.

वाळव्याचे ते म्हातारे परवा आले होते, राहिलेली सहा पोती घेऊन. मी वाचायला लागलो तर म्हणाले, “हळू वाचा की, मला बी मोजायचंय.” मग दोघांनीही हळूच मोजलं. बरोबर होतं.

लवंग-लिंबू रोज चालू आहे. लवंगेला काल नाकात काहीतरी झालं, पण ते तिखट असावं, वास नाही. कुणाला हा फरक कसा ओळखायचा माहीत असेल तर लिहा. आणि कानात घालायचे बोळे कुठले बरे पडतात तेही. कापसानं भागत नाही.